धुराच्या पिंपाला कोणता लेप?

लोखंडाची एखादी वस्तु घरीं घडविणें एक वेळ सोपें. परंतु तिच्या अंगावर काय चढवावें हें ठरविणें अवघड, असा अनुभव गेल्या हिवाळ्यांत आम्हांस आला. त्यांत आमची फजिती झाली, थोडें भयहि वाटलें, आणि शेवटीं जें कळलें तें इतर घरांतील हौशी मंडळींच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें सादर करीत आहों.

आमच्या थोरल्या बंधूंचे चिरंजीव कांहीं वर्षें अमेरिकेंतील टेक्ससमध्यें राहून सुटींत घरीं आले होते. त्या मुलुखांत लोखंडी पिंपांत लांकडाचा मंद विस्तव ठेवून त्याच्या उबेवर व धुरावर पदार्थ तासन् तास शिजवीत ठेवण्याची मोठी हौस आहे. तिकडे त्यांत मुख्यतः मांस शिजतें. आमच्या घरचा बेत वांगीं, रताळीं, मक्याचीं कणसें आणि पनीर एवढ्यापुरताच होता. हुरड्याच्या आगटीभोवतीं ज्यांनीं थंडीची सकाळ घालविली आहे, त्यांना धुराची रुचि समजावून सांगावयास नको.

चिरंजीवांनीं दोनशें लिटरचें एक नवें, कोरें पिंप आणविलें. जुनें पिंप घेणारांनीं त्यांत पूर्वीं काय भरलेलें होतें याची आधीं खात्री करून घ्यावी; कारण तेल किंवा रसायन राहिलेल्या पिंपास कापण्याची अथवा सांधण्याची ज्योत लावल्यास आंतल्या वाफेचा स्फोट होऊन माणूस दगावतो. आमचें पिंप आडवें ठेवून लोहाराकडून त्याला झांकण, पाय आणि एका बाजूस विस्तवासाठीं निराळी पेटी करून घेतली. कारखान्याचा रंग खरडून काढला. येथवर सर्व ठीक झालें. पुढें मात्र घाई नडली. घरचीं कपाटें रंगवून उरलेला हिरवा तेलाचा रंग होता, तो आंतबाहेर दोन हात देऊन पिंप असें नटविलें कीं, येणारा जाणारा थांबून पाही!

पहिल्याच विस्तवाला त्या रंगाला फोड आले. अर्ध्या तासांत आंतून खपल्या सुटल्या आणि उग्र वास सुटून परसांत उभें राहवेना. वांगीं जाळीवर होतींच. आमच्या मातुःश्री काठी टेंकीत बाहेर आल्या व नातवाला म्हणाल्या, "अरे, कल्हई उडालेल्या पातेल्यांत मीं कधीं ताक ठेवलें नाहीं, आणि तूं रंगाच्या डब्यांत वांगीं भाजतोस?"

"चुकलें, आजी," एवढेंच तो म्हणाला. सगळा पदार्थ उकिरड्यावर गेला, आणि तेंच योग्य झालें.

मातुःश्रींच्या त्या वाक्यांत विषयाचें सार आहे. कल्हई ही कथलाची. कथील २३२ अंश सेंटिग्रेडला वितळतें. पातेल्यांत पाणी असेपर्यंत तळ फार तापत नाहीं म्हणून कल्हई टिकते. रिकामें पातेलें चुलीवर राहिलें कीं ती ओघळते. म्हणजे लेप चांगला कीं वाईट हें नुसत्या लेपाकडे पाहून सांगतां येत नाहीं. त्याला उष्णता किती सोसावयाची आहे आणि अन्नाशीं त्याचा संबंध येणार कीं नाहीं, हें आधीं विचारलें पाहिजे.

उष्णतेचें मान असें: ज्या भागांत पदार्थ ठेवतात तेथें साधारण ११० ते १३५ अंश उष्णता राखावयाची असते. विस्तवाच्या पेटीचा पत्रा मात्र तीनशें-चारशें अंशांपर्यंत सहज जातो; तो अंधारांत मंद लाल दिसूं लागला तर उष्णता पांचशेंच्या पुढें गेली असें समजावें. दारें-कपाटांचा तेलाचा रंग अशा ठिकाणीं करपतो. कारखान्यांत भट्टींत भाजून बसविलेला भुकटीचा रंगहि सामान्यतः दोनशें अंशांच्या पलीकडे भरंवशाचा नसतो.

आतां आंतल्या बाजूचा विचार करूं. तेथें कोणताहि रंग देऊं नये, मग डब्यावर कांहींहि लिहिलेलें असो. आंत हवा तो तव्याचाच संस्कार. नवा बिडाचा तवा जसा तेल पाजून तयार करतात तसेंच पिंपाचें करावें. आंतला पत्रा साबणानें धुवून विस्तवावर पूर्ण वाळवावा; खाण्याच्या तेलाचा अगदीं पातळ हात फिरवून जास्तीचें तेल पुसून घ्यावें, आणि मग दीडशें ते दोनशें अंशांवर दोन-तीन तास तापवावें. असें तीन वेळां केलें कीं काळसर, गुळगुळीत, न चिकटणारा थर बसतो. तेल तापलें म्हणजे हवेंतील प्राणवायूशीं संयोग पावून त्याचे कण एकमेकांत गुंतत जातात व टणक कवच बनतें. हा गुण जवसाच्या तेलांत फार, करडईच्या तेलांतहि बराच आहे. खोबरेलांत तो जवळजवळ नाहीं. तेल जाड लावल्यास मात्र चिकट ओघळ राहतात.

जवसाच्या तेलासंबंधानें एक गोष्ट विसरूं नये. रंगाच्या दुकानांत 'उकळलेलें' म्हणून जें मिळतें त्यांत लवकर वाळण्यासाठीं धातूंचे क्षार मिसळलेले असतात. तें अन्नाजवळ वापरूं नये. आमच्या चिरंजीवांनीं तें केवळ झांकणाच्या लांकडी मुठीला लावलें, तें ठीकच झालें. परंतु तेलानें भिजलेल्या चिंध्यांचा बोळा करून जिन्याखालीं कोळशाच्या पोत्याशेजारीं टाकून दिला. संध्याकाळीं दिवेलागणीच्या सुमारास वहिनींना जळका वास आला. पाहतात तों बोळ्यांतून धूर निघत होता आणि आंतून तो हाताला चटका बसेल इतका तापला होता. जवळ ठिणगी नव्हती, काडी नव्हती. तेल वाळतांना जी उष्णता उत्पन्न होते ती बोळ्यांत कोंडली जाऊन चिंध्या आपोआप पेट घेतात. वरच्या खोलींत दोन मुलें झोंपलेलीं होतीं, हें मनांत आलें म्हणजे आजहि अंगावर कांटा येतो. अशा चिंध्या घराबाहेर एकेक पसरून वाळवाव्या, अथवा पाण्यानें भरलेल्या झांकणाच्या डब्यांत टाकाव्या.

बाहेरच्या अंगाला गंज व पाऊस यांपासून रक्षण हवें, म्हणून तेथें रंगाला जागा आहे. मात्र तो सिलिकोन राळेचा, उष्णता सोसणारा असावा. काळा किंवा ॲल्युमिनियमच्या चुऱ्याचा रुपेरी असा तो मिळतो, आणि पुष्कळ जातींच्या डब्यांवर सुमारें सहाशें अंशांची मर्यादा छापलेली असते. ती मर्यादा वाचल्यावांचून डबा घेऊं नये. पत्रा कांचकागदानें घांसून, गंज व तेलकटपणा पूर्ण काढून, दोन पातळ हात द्यावे. हा रंग नुसत्या वाऱ्यानें पक्का होत नाहीं. त्याला बहुधा दोनशें अंशांच्या आसपास तापवावें लागतें. रोजचा स्वयंपाक तर १३५ अंशांपलीकडे जात नाहीं. म्हणून आरंभीं मुद्दाम मोठा विस्तव केला नाहीं तर रंग वर्षभर कच्चाच राहतो व नखानेंहि निघतो. आम्हीं पहिल्यानें लहान विस्तव केला, निवूं दिलें, मग मोठा केला. त्याच विस्तवावर आंतलें तेलहि बसलें. वास पूर्ण जाईपर्यंत आंत पदार्थ ठेवला नाहीं, व मुलांना दूर ठेवलें.

विस्तवाच्या पेटीवरचा रंग इतकें करूनहि कालांतरानें पांढुरका पडतोच. तेथें दर मोसमाला घांसून पुन्हा हात द्यावा, किंवा ग्राफाइटचें काळें चोळावें. बिडाच्या शेगड्या काळ्या करण्याची ही जुनी विलायती रीत आहे. शिसपेनींतील काडी ती हीच. नांवांत शिसें असलें तरी तींत शिसें नसतें.

खऱ्या शिशाची गोष्ट निराळी. लोखंड गंजूं नये म्हणून त्याला शेंदराचें अस्तर देण्याची चाल जुनी आहे, आणि आमच्याहि कानीं तो सल्ला आला. शेंदूर हा शिशापासूनच होतो, आणि शिसें थोडें जरी पोटांत गेलें तरी लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें. घरगुती रंगांत दहा लाख भागांस ९० भागांहून अधिक शिसें नसावें, असा नियम आपल्या देशांत २०१६ सालीं होऊन १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. परंतु कोठींत पडलेल्या जुन्या डब्याला हा नियम काय माहीत! तो डबा पिंपाला लावूं नये.

तसेंच जस्ताचें. जस्ती पत्रा किंवा जस्ती जाळी स्वस्त व चकचकीत दिसते, पण जस्त ४२० अंशांच्या सुमारास वितळतें, आणि फार तापून त्याचा धूर श्वासांत गेल्यास थंडी वाजून ताप भरतो. पदार्थाखालची जाळी म्हणूनच आम्हीं स्टेनलेस पोलादाची घेतली.

सर्वांत टिकाऊ लेप म्हणजे एनॅमलचा. शिकागोजवळ जॉर्ज स्टीफन नांवाच्या गृहस्थानें १९५२ सालीं, समुद्रांतील खुणेचे पोकळ लोखंडी गोळे जेथें तयार होत त्या कारखान्यांत, असाच एक गोळा मधोमध कापून आपली प्रसिद्ध शेगडी बनविली; पुढें त्या जातीच्या शेगड्यांवर एनॅमल चढूं लागलें. परंतु तें कांचेचेंच पूट असल्यामुळें सुमारें आठशें अंशांच्या भट्टींत भाजावें लागतें. घरीं तें साधणारें नव्हे.

भोगीच्या दिवशीं पिंप पुन्हा पेटलें. बाहेरून तें पूर्वीसारखें हिरवेंगार राहिलें नव्हतें. काळें ठिक्कर, एखाद्या जुन्या तव्यासारखें दिसत होतें. मातुःश्रींनीं आंत बोट फिरवून वास घेतला, आणि कांहीं न बोलतां वांग्यांचें ताट पुढें केलें. त्या दुपारीं भरीत दोनदां वाढावें लागलें. चिरंजीव आतां परत गेले आहेत. पावसाळ्यापूर्वीं राख काढून, आंत तेलाचा हात देऊन पिंप पडवींत घेण्याचें काम आमच्याकडे आलें आहे. आणि चिंध्या पाण्याच्या डब्यांत गेल्या कीं नाहीं, हें पाहण्याचें काम वहिनींनीं आपण होऊन स्वतःकडे ठेवलें आहे.