रेल्वे नसलेल्या पुसदचं टपाल

पुसदला रेल्वे नाही हे कुणाला सांगायला नको. वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्ग पुसदवरून जायचा आहे. त्यातला वर्धा–कळंब टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. पण गाडी नसली तरी पुसदच्या टपालाला रेल्वेची ओळख जुनी आहे. पत्र उशिरा आलं की शिव्या पोस्टमनला बसतात. त्याच्या आधी ते किती हातांतून गेलं, हे कुणी विचारत नाही.

पेटीतलं पत्र पोस्टात शिक्का खातं, त्याचे गठ्ठे बांधतात, थैली बंद होते. आपल्याकडे या थैल्या वर्षानुवर्षं एस.टी.च्या टपावरून, डिक्कीतून रेल्वेच्या गावी गेल्या. पुढचं काम रेल्वे मेल सर्व्हिसचं, म्हणजे आरएमएसचं. चालत्या गाडीत टपालाची वर्गवारी आपल्या देशात १८६३ साली अलाहाबाद–कानपूर मार्गावर सुरू झाली, आणि आरएमएस हे नाव १९०७ साली मिळालं. डब्यात भिंतभर खण, समोर सॉर्टर उभा. गाडी हलतेय, दिवा मिणमिणतोय, आणि हा गडी पत्ता वाचून पत्र बरोबर खणात टाकतोय! पुढच्या स्टेशनात थैली बांधून तयार पाहिजे. डब्याला पत्रपेटीही असे. उशीर झालेला माणूस जादा 'लेट फी'चं तिकीट लावून फलाटावरूनच पत्र टाकी. कोणतं गाव कोणत्या मार्गावर, हे सॉर्टरला पाठ असावं लागे.

आता वर्गवारी डब्यात होत नाही. ती आरएमएसच्या कार्यालयांत होते, आणि पाठांतराचं काम पिनकोड करतो. १५ ऑगस्ट १९७२ ला तो आला. पुसदचा ४४५२०४ घ्या. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोव्याचा पट्टा. ४४५ म्हणजे यवतमाळकडची थैली. शेवटचे तीन आकडे पोस्टाचे. दिग्रस ४४५२०३, उमरखेड ४४५२०६. एक आकडा चुकला की पत्र दिग्रस पाहून येतं, आणि त्यात दिवस जातात. वडगाव, पिंपळगाव, सावरगाव तर तालुक्यागणिक. नुसतं 'मु. पो. वडगाव' लिहिलं तर सॉर्टरनं काय करावं?

हे दिवस कधीकधी महाग पडतात. जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ चं कलम २७ सांगतं की पत्ता बरोबर असलेली, खर्च भरलेली नोटीस नोंदणी करून टपालानं धाडली, तर नेहमीच्या टपालाला लागतो तेवढ्या वेळात ती मिळाली असं धरतात. मिळाली नाही हे सिद्ध करणं आपल्यावर. म्हणून जमिनीच्या, बँकेच्या कागदांवर आपला पत्ता तपासा. वाटणी झाली, घर शेतात नेलं, मुलगा पुण्याला गेला. कागदावर मात्र बापाचं जुनं घर. सरपंच, ग्रामसेवक, तलाठी यांनी नोटिशीवर तालुका, जिल्हा आणि पिन घातल्याशिवाय ती सोडू नये.

रजिस्टर्ड पोस्ट २०२५ साली स्पीड पोस्टात विलीन झालं. पावती मात्र पूर्वीसारखीच जपायची. तिच्यावरच्या क्रमांकावरून पत्र कुठं आहे ते कळतं. आणि साधं पत्र टाकताना पेटीवरची निघण्याची वेळ बघा. ती टळली तर पत्र दुसऱ्या दिवशीच्या थैलीत.