प्रचार-विश्लेषणाचे अध्यापन

प्रचार-विश्लेषणाचे अध्यापन म्हणजे एखादे मत, पक्ष, राजवट, संस्था किंवा वस्तू लोकांना पटवून देण्यासाठी हेतुपुरस्सर रचलेला संदेश कसा घडतो, हे विद्यार्थ्यांना ओळखायला व पडताळून पाहायला शिकवणे होय. इतिहास, राज्यशास्त्र व भूगोल या शालेय विषयांत त्याला स्वाभाविक स्थान आहे. संदेश कोणी दिला, कोणासाठी दिला, त्यात काय सांगितले आणि काय वगळले, हे चार प्रश्न या अध्यापनाचा पाया मानले जातात. विरोधकाचा खोटेपणा उघड करणे एवढाच त्याचा हेतू नसून, स्वतःला प्रिय असलेल्या विधानालाही तीच कसोटी लावण्याची सवय जडवणे हा त्याचा गाभा आहे.

संज्ञा

'प्रोपगंडा' हा शब्द लॅटिनमधून आला आहे. पोप पंधरावे ग्रेगरी यांनी १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी स्थापन केलेल्या मंडळाच्या नावात तो होता. तेव्हा त्याला निंदेची छटा नव्हती. पहिल्या महायुद्धानंतर मात्र त्याला फसवणुकीचा अर्थ चिकटला. मराठीतील 'प्रचार' हा शब्द आजही तटस्थ आहे. स्वच्छतेचा प्रचार होतो, तसा निवडणुकीचाही होतो. हेतू दूषित असल्यास 'अपप्रचार' आणि साहित्यकृतीबद्दल नापसंती दाखवायची असल्यास 'प्रचारकी' असे म्हटले जाते. वर्गात हा भेद आरंभीच स्पष्ट करणे आवश्यक असते; कारण प्रचार म्हणजे असत्य, असे समीकरण बरोबर नाही. सत्यशोधक जलसे, आंबेडकरी जलसे, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरी कवने आणि आचार्य अत्रे यांनी १९५६ मध्ये सुरू केलेले दैनिक 'मराठा' यांनीही प्रचाराची साधने वापरली. निव्वळ खऱ्या गोष्टींच्या निवडक मांडणीतूनही प्रचार उभा राहू शकतो.

पार्श्वभूमी

या विषयाचे पद्धतशीर अध्यापन अमेरिकेत रुजले. १९३७ मध्ये न्यूयॉर्क येथे प्रचार-विश्लेषण संस्था स्थापन झाली. क्लाईड मिलर हे तिचे एक प्रवर्तक होते. संस्थेने शाळांसाठी साहित्य तयार केले आणि प्रचाराची सात तंत्रे निश्चित केली. ती पुढीलप्रमाणे सांगता येतील :

- शिक्का मारणे : पुरावा न देता विरोधकाला बदनाम करणारे नाव देणे.
- गोंडस शब्द : विकास, अस्मिता, प्रगती यांसारखे सर्वांना प्रिय असलेले शब्द अर्थ स्पष्ट न करता वापरणे.
- उसने वलय : ध्वज, देवता किंवा थोर पुरुषाची प्रतिमा जोडून तिची प्रतिष्ठा आपल्याकडे वळवणे.
- मान्यवरांची साक्ष : विषयाशी संबंध नसलेल्या प्रसिद्ध व्यक्तीकडून शिफारस करवणे.
- 'आम्ही तुमच्यातलेच' : साधेपणाचे प्रदर्शन करून विश्वास मिळवणे.
- निवडक मांडणी : सोयीचे तेवढेच पुढे ठेवणे.
- 'सगळेच आमच्याबरोबर' : बहुसंख्य लोक एका बाजूला आहेत असे भासवणे.

अमेरिका महायुद्धात उतरल्यावर, १९४२ मध्ये, संस्थेचे काम थांबले. तंत्रांची यादी पाठ करून विद्यार्थी केवळ संशयखोर होतात, हा तिच्यावरील प्रमुख आक्षेप होता.

मराठवाड्याचे उदाहरण

मराठवाड्यातील शाळांना या अभ्यासासाठी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे उदाहरण सर्वांत जवळचे आहे. औरंगाबाद, बीड, नांदेड, परभणी व उस्मानाबाद हे तत्कालीन पाच जिल्हे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या संस्थानात होते. इत्तेहादुल मुसलमीनचे नेते कासिम रझवी यांनी 'आझाद हैदराबाद'चा पुरस्कार केला आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यावर आसफजाही झेंडा फडकवण्याच्या वल्गना केल्या. रझाकारांनी संस्थानात दहशत माजवली. भारतात विलीनीकरणाची बाजू मांडणारे 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली. 'सगळे मुसलमान निजामाच्या बाजूने' आणि 'सगळे हिंदू विरोधात' अशी सरसकट विधाने कशी कोसळतात, हे या एका घटनेवरून विद्यार्थ्यांच्या लक्षात येते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ सप्टेंबरला शरणागती झाली. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखालील ही लष्करी मोहीम 'पोलीस ॲक्शन' म्हणून ओळखली जाते. हैदराबादने आपले गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेले होते. हा दोन राष्ट्रांतील संघर्ष नसून देशांतर्गत प्रश्न आहे, ही भारताची भूमिका 'पोलीस' या शब्दात सामावलेली होती. नाव देण्यातूनच घटनेचा अर्थ कसा ठरतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

याच अभ्यासातील अवघड टप्पा त्यानंतरचा आहे. मोहिमेनंतर संस्थानाच्या काही भागांत मुस्लिम वस्त्यांवर हल्ले झाले. केंद्र सरकारच्या वतीने पंडित सुंदरलाल व काझी अब्दुल गफार यांच्या समितीने दौरा करून अहवाल सादर केला. त्यात मृतांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला होता. हा अहवाल अनेक दशके प्रसिद्ध झाला नाही. रझाकारांचे अत्याचार सांगताना हा भाग गाळणे आणि हा भाग सांगताना रझाकारांना विसरणे, या दोन्ही गोष्टी निवडक मांडणीच्याच आहेत. मुक्तिसंग्रामाचे मोल त्यामुळे घटत नाही. मात्र १७ सप्टेंबरला ध्वजवंदन करणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या बाजूचाही इतिहास पूर्ण पाहण्याचे बळ मिळते.

वरच्या इयत्तांत भारत सरकारची १९४८ ची श्वेतपत्रिका, संस्थानाचे अखेरचे पंतप्रधान मीर लायक अली यांच्या आठवणी, भारताचे तेथील प्रतिनिधी कन्हैयालाल मुनशी यांचे कथन आणि स्वामी रामानंद तीर्थ यांचे स्मृतिलेखन यांतील एकाच घटनेची वर्णने शेजारी ठेवून तुलना करता येते.

पाठ्यक्रमातील स्थान

महाराष्ट्राच्या पाठ्यक्रमात प्रचार-विश्लेषण हा स्वतंत्र विषय नाही. मात्र २०१८ मध्ये आलेल्या इयत्ता दहावीच्या 'इतिहास व राज्यशास्त्र' या पाठ्यपुस्तकात 'प्रसारमाध्यमे आणि इतिहास' हे प्रकरण आहे आणि माध्यमांतील माहितीच्या चिकित्सक आकलनाची गरज त्यात मांडली आहे. त्याच पुस्तकातील निवडणूक प्रक्रिया व राजकीय पक्ष यांवरील प्रकरणे या कामाला पूरक ठरतात.

स्थानिक साधने : शेंद्रा परिसर

जुन्या कागदपत्रांवर शिकलेली कसोटी रोजच्या संदेशांना लावता आली, तरच ती उपयोगाची ठरते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील शेंद्रा हे जालना रस्त्यावरील गाव औद्योगिक वसाहतीमुळे परिचित आहे. शेंद्रा व बिडकीन मिळून सुमारे १०,००० एकरांची 'ऑरिक' ही औद्योगिक नगरी दिल्ली-मुंबई औद्योगिक मार्गिकेचा भाग आहे. अशा परिसरात भूखंडविक्रीच्या जाहिराती हे सहज मिळणारे अभ्याससाहित्य असते. 'विमानतळापासून दहा मिनिटे' हे विधान नकाशावर अंतर मोजून तपासता येते. जमीन बिगरशेती आहे काय, हे अभिलेखांवरून पाहता येते. नोंदणीस पात्र प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक देणे बंधनकारक असते. तो नसल्यास का नाही, असा प्रश्न विद्यार्थी विचारू शकतात.

निवडणुकीच्या पत्रकांनाही असाच नियम आहे. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२७-क नुसार प्रचारपत्रकावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव व पत्ता असावा लागतो. 'हे कोण बोलत आहे?' हा विश्लेषणाचा पहिला प्रश्न कायद्यानेही महत्त्वाचा मानला आहे, हे यावरून दाखवता येते. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशात नेमके हेच उत्तर हरवलेले असते.

या अज्ञात कर्त्याची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, भिक्षेवर उपजीविका करणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाच संवादांपुरतीच संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली.

अध्यापनाची पद्धत

प्रथम संदेशातील तथ्य, मत व आवाहन वेगळे केले जाते. नंतर कर्ता, काळ व लक्ष्यगट नोंदवला जातो. वापरलेले तंत्र ओळखल्यावर तथ्यांची निदान दोन स्वतंत्र साधनांतून पडताळणी होते आणि शेवटी काय वगळले आहे, याची यादी केली जाते. विद्यार्थ्यांना स्वतः एकाच प्रसंगाची दोन परस्परविरोधी पत्रके लिहायला लावणे हा परिणामकारक उपक्रम आहे. रचना हाताखालून गेली की ती इतरत्र चटकन ओळखू येते.

मर्यादा

शिक्षकाचे स्वतःचे राजकीय मत वर्गात झिरपण्याचा धोका सर्वांत मोठा आहे. केवळ एका पक्षाची किंवा एका समाजाची उदाहरणे घेतल्यास विश्लेषणाचाच प्रचार होतो. गावात सर्व बाजूंची कुटुंबे शेजारी राहत असल्याने चर्चा विधानावर व्हावी, ते मानणाऱ्या घरावर होऊ नये, हा संकेत पाळावा लागतो. दुसरा धोका सरसकट अविश्वासाचा आहे. 'सगळेच खोटे बोलतात' असे म्हणणारा विद्यार्थी काहीही न तपासणाऱ्या विद्यार्थ्याइतकाच असहाय असतो. म्हणून विधान खोटे ठरवण्याबरोबरच, तपासाअंती ते खरे ठरल्यास तसे मान्य करण्याचाही सराव दिला जातो. मूल्यमापन करताना गुण निष्कर्षाला न देता पुराव्याला व युक्तिवादाला दिले, तर शिक्षकाशी असहमत असलेला विद्यार्थीही निर्भयपणे उत्तर लिहू शकतो.