सिरिंज अडते तेव्हा

राइल्स ट्यूबला निम्मे नातेवाईक ‘रॉयल ट्यूब’च म्हणतात. राजेशाही काही नाही तिच्यात. जॉन राइल या इंग्लिश डॉक्टरांनी १९२१ मध्ये जठरातला रस थोडाथोडा काढून तपासता यावा म्हणून ही बारीक नळी वापरात आणली. आज आमच्या सर्जरी वॉर्डात आतडं अडकलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशंटच्या नाकात ती दिसते.

भीती असते ती नळी घालताना. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीचं हाड संपतं तिथवर माप घ्यायचं, जेली लावायची. “आजोबा, हनुवटी छातीला टेकवा. आता गिळा. आणखी गिळा.” खोकल्याची उबळ आली की लगेच मागे घ्यायची. पूर्वी आम्ही हवा सोडून स्टेथोस्कोपनं पोटातली गुडगुड ऐकायचो आणि निर्धास्त व्हायचो. ती गुडगुड फसवी. नळी फुप्फुसात गेली असली तरी ऐकू येते! आता रसाची आम्लता पट्टीवर बघतो, शंका असली तर एक्स-रे काढतो.

मी मात्र जठराला जखम झालेली पाहिली ती नळी घालून झाल्यावर, सगळे निवांत असताना. नळीच्या टोकाजवळ बाजूला भोकं असतात. पोट रिकामं झालं की त्याच्या भिंती नळीवर येऊन टेकतात. तेव्हा सक्शन जोरात असेल तर मऊ अस्तर भोकात ओढलं जातं. लहानपणी रिकामा पेला तोंडाला लावून हवा ओढली की हनुवटीवर लाल कडं उमटायचं ना, तसंच.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एका रात्री मी सक्शनची कळ पूर्ण फिरवून ठेवली. पोट लवकर मोकळं होईल, पेशंटला झोप लागेल, एवढाच हिशोब. सकाळी बाटलीत कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट पाणी. दुर्बीण घातली तेव्हा सरांनी मला पडद्याजवळ बोलावलं. गुलाबी अस्तरावर लाल गोल ठिपके, ओळीनं, अंतर अगदी नळीच्या भोकांएवढं. “ओळखलंस?” एवढंच विचारलं त्यांनी. जखमा वरवरच्या होत्या, आम्ल कमी करणाऱ्या औषधावर भरून आल्या. ती रात्रभर चालू ठेवलेली कळ मात्र माझ्या अजून डोळ्यांसमोर येते.

एरवी नळी पिशवीला जोडून पलंगाखाली लटकवली तरी पाणी आपसूक उतरतं. सक्शन लावायचंच तर मंद आणि थांबून थांबून.

परवा नवी सिस्टर सिरिंजचा दट्ट्या दोन्ही हातांनी ओढत होती.

“अगं, ओढू नकोस. अडलंय म्हणजे भिंतीला चिकटलंय. थोडी हवा सोड आत. आता आजोबांना जरा डाव्या कुशीवर घे.”

दट्ट्या एका बोटानं मागे आला. तिनं चार्टवर लिहिलं: हिरवट, १५० मिली.