घोडदळातला झेपेलिन

काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन म्हटलं की सिगारच्या आकाराचं हवाई जहाज आणि पांढऱ्या मिशांचा म्हातारा, एवढंच आठवतं. साहजिकच तो मुळात इंजिनिअर होता असा समज होतो. पण त्याची बरीच उमेद गेली घोडदळात. ट्युबिंगेनच्या विद्यापीठात तो थोडा काळ शिकला खरा, पण जहाजाचे आराखडे थिओडोर कोबेर आणि पुढे लुडविग ड्युर या तंत्रज्ञांनी केले. आणि सुकाणू असलेलं हवाई जहाज झेपेलिनच्याही आधी फ्रान्समध्ये उडालं होतं: 1884 साली 'ला फ्रान्स' निघालं तिथेच परत येऊन उतरलं.

1863 मध्ये तो निरीक्षक म्हणून अमेरिकेत गेला आणि यादवी युद्धात त्याने बलूनमधून शत्रूची टेहळणी केली, असंही रंगवून सांगतात. तो लिंकनना भेटला आणि उत्तरेच्या सैन्याबरोबर फिरला, हे खरं. बलूनमध्ये मात्र तो बसला रणभूमीपासून शेकडो मैल दूर, मिनेसोटातल्या सेंट पॉल गावी, जॉन स्टाइनर या बलूनवाल्याकडे.

त्याचं खरं धाडस जमिनीवरचं. जुलै 1870 मध्ये मोजके स्वार घेऊन तो टेहळणीसाठी फ्रान्सच्या हद्दीत घुसला. शिर्लेनहोफ इथे फ्रेंचांनी तुकडीला गाठलं. सोबतचे मारले गेले किंवा पकडले गेले. झेपेलिन हाती लागलेल्या घोड्यावर टांग मारून निसटला आणि जर्मनीभर त्याचं नाव झालं.

हवाई जहाजाच्या वेडापायी त्याने लष्कर सोडलं, हा समज तर अगदी उलटा आहे. कल्पना त्याच्या डायरीत 1874 पासून होती, तरी नोकरी चालूच राहिली. ती सुटली वेगळ्याच कारणाने. आपण जर्मन उमराव म्हणजे प्रशियन असं धरून चालतो. हा होता वुर्टेम्बर्गचा. साम्राज्य एक झालं तरी त्या राज्याचं सैन्य नावापुरतं वेगळं होतं आणि सूत्रं प्रशियाकडे. बर्लिनमध्ये वुर्टेम्बर्गचा वकील म्हणून राहिलेल्या झेपेलिनला हे खुपलं. 1890 साली त्याने लेखी तक्रार केली. कैसरची मर्जी गेली. त्याच वर्षी शरदातल्या युद्धसरावात त्याच्या नेतृत्वावर कडक ताशेरे आले आणि 52 व्या वर्षी त्याला घरी बसावं लागलं. ताशेऱ्यांत प्रशियन रागाचा वाटा नसेल, हे मला पटत नाही.

पहिलं जहाज बोडेन सरोवरावर उडालं 2 जुलै 1900 रोजी, जेमतेम 18 मिनिटं. तेव्हा तो बासष्टीला टेकला होता.

'हिंडेनबुर्ग' या हवाई जहाजाच्या आगीचं खापरही त्याच्याच माथी फुटतं. ती दुर्घटना 1937 ची. झेपेलिन वारला 1917 मध्ये. त्याच्या हयातीत जळालेलं गाजलेलं जहाज वेगळं, 1908 मध्ये एख्टरडिंगेनला. त्यानंतर लोकांनी वर्गणी काढून त्याच्या हाती साठ लाखांहून अधिक मार्क ठेवले.