मागापासून संगणकापर्यंत

बालाघाट जिल्ह्यातील वारासिवनी हे गाव हातमागाच्या साड्यांसाठी ओळखले जाते. २०२३ साली या वस्त्राला भौगोलिक मानांकनही मिळाले. अशा गावातील एखाद्या विणकराच्या मुलाने अकरावीत संगणकशास्त्र घ्यायचे ठरविले, तर घरची मंडळी साहजिकच म्हणतील, "ही विद्या शहरातल्या मुलांची, आपला तिच्याशी संबंध काय?" संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

विणकामात आडवा धागा उभ्या धाग्याच्या वरून तरी जातो किंवा खालून तरी. तिसरा मार्ग नाही. नक्षी म्हणजे या दोन पर्यायांची लांबलचक मालिका होय. फ्रान्समधील जकार्ड याने १८०४ च्या सुमारास ही मालिका पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर छिद्रांच्या रूपाने उतरविली. छिद्र असेल तेथे धागा उचलला जाई, नसेल तेथे खालीच राही. याच पट्ट्यांची कल्पना इंग्लंडमधील चार्ल्स बॅबेज याने आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी घेतली. पुढे १८९० च्या अमेरिकेतील जनगणनेत हॉलेरिथची यंत्रे छिद्रांच्या पत्रांवरच चालली. आजचा संगणकही शून्य आणि एक या दोनच चिन्हांवर चालतो. आपला तेरा हा आकडा तो ११०१ असा लिहितो. म्हणजे आठ, चार आणि एक यांची बेरीज.

तेव्हा उच्च माध्यमिक वर्गात शिकायचे काय? केंद्रीय मंडळाच्या अभ्यासक्रमात पायथन भाषेतील आज्ञावली, माहितीसंच आणि संगणकांचे जाळे हे बारावीचे मुख्य भाग आहेत. ७० गुण लेखी परीक्षेला व ३० प्रात्यक्षिकाला. परंतु या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे कामाची पद्धतशीर फोड.

एक उदाहरण घेऊ. अनुक्रमाने लावलेल्या हजार नावांच्या यादीत एक नाव शोधायचे आहे. पहिल्यापासून वाचत गेल्यास कदाचित हजारही नावे पाहावी लागतील. उलट दर वेळी मधले नाव पाहून नको ती अर्धी यादी सोडून दिली, तर फार तर दहा वेळा पाहून काम भागते. यासाठी यंत्र लागत नाही. कागद, पेन्सिल आणि विचार पुरेसा होतो.

म्हणूनच ज्या शाळेत संगणक थोडे आहेत किंवा वीज वरचेवर जाते, तेथील विद्यार्थ्याने निराश होऊ नये. यंत्रावरील सराव अवश्य हवा; पण यंत्रापुढे बसण्याआधी उत्तराच्या पायऱ्या वहीत मांडलेल्या असाव्यात. तयार आज्ञावली पाठ करणारा विद्यार्थी प्रश्न थोडा बदलताच अडखळतो. पायऱ्या स्वतः मांडणारा मात्र भाषा बदलली तरी अडत नाही.

चांगला विणकर धोटा फेकण्यापूर्वी सारी नक्षी मनात पाहतो. त्याच्या मुलाने ही सवय घरूनच आणलेली असते. ती शाळेत वापरायची, एवढेच त्याला कोणीतरी सांगायला हवे.