डिझेलची गाळणी

पाणी भरताना आपण हंड्याच्या तोंडाला फडके बांधतो. चहा गाळतो, काकवी गाळतो. गाळल्याशिवाय सहसा काही घशाखाली उतरू देत नाही. मग ज्या ट्रॅक्टरवर आपली नांगरट आणि पेरणी चालते, त्याच्या पोटात जाणारे डिझेल नीट गाळले जाते की नाही, हे आपण कधी पाहतो का?

ट्रॅक्टरला स्वतःची गाळणी असते. तिला फिल्टर म्हणतात. ही गाळणी काय काम करते, ती वेळेवर का बदलायची आणि आपल्या अंगणात ती कशी बदलता येते, हे आम्ही या पाठात सांगणार आहोत. काम अवघड नाही. पण त्यात स्वच्छता हवी, धीर हवा आणि कुठे हात आवरायचा हेही कळायला हवे.

गाळणी कुठे असते?

डिझेल टाकीतून नळीवाटे निघते. इंजिनाच्या कडेला एक किंवा दोन डबे उभे दिसतात. त्या डब्यांतून ते गाळले जाते. पुढे ते मोठ्या पंपाकडे जाते. पंप ते जोराने दाबतो आणि नोझलमधून त्याचा बारीक फवारा इंजिनात उडतो. हे डबे म्हणजेच गाळणी. आत घड्या घातलेला कागद असतो. काही ट्रॅक्टरांत पहिल्या डब्यात जाड कापड असते आणि दुसऱ्यात कागद. डिझेल आरपार जाते, कचरा मागे राहतो.

एवढी बारीक गाळणी कशाला?

जर्मनीत रुडॉल्फ डिझेल नावाचे इंजिनियर होते. 1897 साली आउग्सबुर्ग शहरात त्यांचे इंजिन यशस्वी झाले. त्यांच्याच नावावरून त्या तेलालाही डिझेल म्हणू लागले. पण त्या काळी तेल आत फुंकण्यासाठी दाबलेली हवा लागे. त्यासाठी वेगळे अवजड यंत्र जोडावे लागे. म्हणून इंजिन फार मोठे होई. पुढे 1927 साली बॉश कंपनीने तेल दाबणारा छोटा, नेमका पंप कारखान्यात बनवायला सुरुवात केली. अशा पंपामुळे डिझेलचे इंजिन लहान झाले. ते मोटारीत बसले, ट्रॅक्टरवर बसले आणि शेतात आले.

या पंपाची सारी करामत त्याच्या नेमकेपणात आहे. आत एक दांडी नळकांड्यात खालीवर होते. दोघांमधली फट किती असेल? एका मिलिमीटरचे हजार भाग करा. आपल्या डोक्याचा केस साधारण 70 भाग जाड असतो. ती फट मात्र दोन-चार भागांची असते! डोळ्यांना न दिसणारी धूळसुद्धा तिथे कानशीसारखी घासते. शिवाय पंपाला वंगण डिझेलचेच असते. त्यात पाणी आले तर वंगण जाते आणि गंज चढतो. म्हणून आधी गाळणी, मग पंप.

गाळणी तुंबली हे कसे ओळखावे?

मोकळा ट्रॅक्टर बरा चालतो. पण नांगर खोल गेला किंवा चढ लागला की तो दम टाकतो. सकाळी सुरू व्हायला वेळ घेतो. कधी गचके देऊन बंद पडतो. असे झाले तर डिझेलची गाळणी पाहावी. काळा धूर फार येत असेल तर आधी हवेची गाळणी पाहावी. ती वेगळी असते.

खरे तर तुंबेपर्यंत थांबूच नये. ट्रॅक्टरबरोबर छापील पुस्तक मिळते. किती तास चालल्यावर गाळणी बदलायची, ते त्यात लिहिलेले असते. कुठे 250 तास, तर कुठे 500 तास असा आकडा असतो. आपल्या ट्रॅक्टरचा जो असेल तोच धरावा. किती तास चालला हे समोरचे तासांचे मीटर दाखवते. गाळणी बदलली की तारीख आणि मीटरचा आकडा वहीत लिहून ठेवा.

आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगतो. ऐन मृगात त्याची गाळणी तुंबली. तालुक्याला जाऊन नवी आणायला अर्धा दिवस मोडणार होता. कोणी तरी सल्ला दिला, ‘कागदाला भोक पाड, डिझेल धो धो जाईल.’ त्याने तसे केले. ट्रॅक्टर लगेच जोरात चालू लागला. सारे म्हणाले, बघा, कशाला हवी गाळणी! पुढे काही दिवसांतच पंप आणि नोझल दोन्ही घासून निकामी झाले. दुरुस्तीला आठवडा लागला. खर्च तर झालाच, पण वाफसाही गेला. वाफसा काही बाजारात विकत मिळत नाही. म्हणून सांगतो, कागदाला भोक पाडू नका. कागदी गाळणी धुऊन पुन्हा बसवू नका. नवी गाळणी हंगामाआधीच आणून घरात ठेवा.

बदलण्याची रीत

नवी गाळणी आणताना जुन्या डब्यावरचा नंबर लिहून न्या. नंबर जुळला तरच घ्या. बिलही मागून घ्या.

1. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. हँडब्रेक लावा. नांगर किंवा जे अवजार असेल ते जमिनीवर टेकवा. चावी काढून खिशात ठेवा. चाकाला दगड लावा. इंजिन गार होऊ द्या.

2. वारा सुटला असेल, धूळ उडत असेल तर काम दुसऱ्या वेळी करा. विडी-काडी, चूल, कंदील जवळ नको. लहान मुलांना लांब ठेवा.

3. टाकीखालचा कॉक बंद करा. डब्याच्या बाहेरची माती आणि तेलकट घाण फडक्याने स्वच्छ पुसा. ही पायरी पुष्कळ जण गाळतात. मग डबा उघडताच बाहेरची माती आत पडते आणि सारे मुसळ केरात जाते.

4. खाली भांडे धरा. डबा फिरवून काढा. डबा मधल्या बोल्टने बसवलेला असेल तर पान्याने बोल्ट सोडवा. आतले डिझेल भांड्यात पडू द्या.

5. जुनी रबराची रिंग निघाली का ते नीट पाहा. कधी ती वरच चिकटून राहते. तिच्यावर नवी बसवली तर डिझेल गळते. बसायची जागा स्वच्छ कापडाने पुसा. दोरे सुटणारी चिंधी वापरू नका.

6. नव्या रिंगेला बोटाने स्वच्छ डिझेल लावा. कॅनमधले न गाळलेले डिझेल नव्या गाळणीत ओतून ती भरू नका. ते कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नसतो.

7. डबा हाताने फिरवून बसवा. रिंग टेकली की आणखी अर्धा ते पाऊण फेरा हातानेच आवळा. पान्याने जोर केला तर रिंग चेपते. बोल्टचा डबा असेल तर नवे वायसर घालून बेताने आवळा.

आता कॉक उघडा. पण चावी फिरवायची घाई नको. अजून महत्त्वाचे काम राहिले आहे.

एअर काढणे

डबा उघडला तेव्हा आत हवा शिरली. हवा राहिली तर इंजिन सुरू होत नाही. असे का? सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून धरा आणि दांडा दाबा. हवा आत आक्रसते, दांडा खाली जातो. डिझेल असे आक्रसत नाही. पंपात हवा असली की पंपाचा सारा जोर हवा दाबण्यातच जातो आणि नोझलमधून फवारा उडत नाही.

ही हवा काढण्यासाठी गाळणीच्या वर एक छोटा स्क्रू असतो. तो एक-दोन फेरे सैल करा. मग हाताने दाबायचा छोटा पंप दाबत राहा. आधी फेस येईल, बुडबुडे येतील. दाबत राहा. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की ते वाहत असतानाच स्क्रू आवळा. मोठ्या पंपावरही असाच स्क्रू असेल तर तिथेही हेच करा. सांडलेले डिझेल पुसून घ्या.

आता इंजिन सुरू करा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ स्टार्टर मारू नका. नाही लागले तर थोडे थांबा. सुरू झाल्यावर काही मिनिटे चालू ठेवा. मग बंद करून डब्याच्या कडेला गळती आहे का ते पाहा.

इथे हात आवरा

पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या लोखंडी नळ्यांना घरी हात लावायचा नाही. जुन्या ट्रॅक्टरातही तिथला दाब ट्रकच्या टायरमधल्या दाबाच्या वीसपटीहून जास्त असतो. 2023 पासून 50 अश्वशक्तीहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाले. त्यांतल्या पुष्कळांत कॉमन रेल नावाची नवी रचना आहे. तिथे दाब टायरच्या शंभरपटीहूनही जास्त असतो. अशा ट्रॅक्टरचे काम मिस्त्रीकडेच द्यावे.

चालू इंजिनात नळी गळत असेल तर बोटाने चाचपू नका. सुईसारखी धार कातडी भेदून आत शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पहिल्यांदा दुखतही नाही. पण आत डिझेल पसरते आणि हात गमावण्याची पाळी येते. असे झाले तर दुखण्याची वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना सांगा.

पेट्रोलच्या मोटारीचे काम तर घरी नकोच. पेट्रोलची वाफ साध्या हवेतही पेट घेते. ती हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरकत लांबच्या चुलीपर्यंत पोचते. शिवाय आजच्या पुष्कळ मोटारींत गाळणी टाकीच्या आतच असते.

गाळणी जास्त टिकावी म्हणून

टाकीचे झाकण उघडण्याआधी भोवतीची धूळ पुसा. डिझेलचा कॅन डिझेलपुरताच ठेवा. त्यात पाणी किंवा औषध भरू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या भांड्यात डिझेल साठवू नका.

संध्याकाळी काम संपले की टाकी भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवा असते. रात्री गारव्याने त्या हवेतल्या ओलाव्याचे पाणी होते. एक लिटर पाणी एक किलो भरते, एक लिटर डिझेल साधारण 830 ग्रॅम. म्हणून पाणी तळाशी बसते. गाळणीखाली पाणी काढायचा स्क्रू असेल तर पुस्तकात सांगितल्याप्रमाणे तो उघडून पाणी काढावे.

काढलेले घाण डिझेल विहिरीत, ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. ते पाण्यावर पसरते, माणसांना आणि गुरांना बाधते. जुनी गाळणी आणि घाण डिझेल वेगळ्या डब्यात ठेवून गॅरेजवाल्याकडे द्या. हात साबणाने धुवा, मगच भाकरीला बसा.

बैलाची वैरण आपण झटकून घालतो, त्याच्या खुरात खडा रुतला तर काढतो. यंत्राला तोंड नाही, ते दुखणे सांगत नाही. म्हणून त्याची काळजी वेळेवर घ्यावी लागते. उद्या सकाळी मीटरवरचा आकडा पाहा आणि पुस्तकातल्या आकड्याशी ताडून बघा. वेळ जवळ आली असेल तर पाऊस पडण्याआधीच नवी गाळणी बसवा.