खात्रीच्या संकेतस्थळाची खूण ठेवण्याची रीत

सात-बाराचा उतारा किंवा पीकविम्याचा अर्ज पाहावयाचा झाल्यास परभणी जिल्ह्यांतील आपले पुष्कळ शेतकरी बंधु दर खेपेस मोबाईलवर नांव टाकून शोध घेतात. ह्यांत धोका आहे. शोधाच्या यादींत वरच्या अंगास बहुधा जाहिराती असतात. खऱ्या स्थळाचें सोंग घेतलेलें एखादें स्थळ त्यांत शिरलें, तर आधार क्रमांक व बँकेचा ओटीपी परक्याच्या हातीं जातो. ह्यास्तव एकदांच खात्री करून खूण ठेवावी, असें आम्ही सुचवितों.

बियाणें घेतांना प्रमाणित वाणाची निळी चिठ्ठी आपण पाहतों. तशी पत्त्यांतील पहिल्या तिरप्या रेघेपूर्वीची अखेर पाहावी. सरकारी स्थळाची अखेर बहुधा 'जीओव्ही डॉट इन' असते. वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाची 'एसी डॉट इन' आहे. ती जुळल्यावर क्रोममध्यें कोपऱ्यांतील तीन ठिपके दाबून होम स्क्रीनवर जोडण्याचें कलम निवडावें. पडद्यावर स्थळाचें चिन्ह उमटतें. पुढें तेंच दाबावें. संगणकावर कंट्रोल व डी ह्या कळा एकत्र दाबल्यास खूण, म्हणजे बुकमार्क, राहते. कंट्रोल, शिफ्ट व बी दाबल्यास खुणांची पट्टी वर दिसूं लागते.

फुकट आज्ञावलीसोबत येणारी परकी शोधपट्टी मात्र बसवूं नये. ती आपला शोध भलतीकडे वळवूं शकते. खूण ठेवण्यास पैसा पडत नाहीं. फसगत झाल्यास मात्र हंगामाची कमाई जाते.